प्रस्तावित राज्य कायद्यांविषयी नगरपरिषदेचा ठराव

राज्य विधिमंडळापुढील विधेयक, राज्यपालांनी काढलेला अध्यादेश अथवा शासनाने प्रसिद्ध केलेली प्रारूप अधिसूचना यांबाबत नगरपरिषदेने सभेत ठरविलेली व शासनास कळविलेली भूमिका म्हणजे असा ठराव होय. महाराष्ट्रात त्यास सल्ल्याचे मोल आहे, बंधनकारकतेचे नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील वेदगंगाकाठचे मुरगूड हे ‘क’ वर्ग नगरपरिषदेचे शहर या व्यवस्थेचे बोलके उदाहरण आहे.

घटनात्मक स्थान

स्थानिक शासन हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा पाचवा विषय आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा, पाच वर्षांची मुदत आणि बाराव्या अनुसूचीतील १८ विषय दिले. मात्र त्यांच्यासंबंधीचा कायदा करताना त्यांचे मत घेतलेच पाहिजे, असे बंधन विधिमंडळावर घातले नाही. युरोपातील स्थानिक स्वराज्याच्या १९८५ च्या सनदेत असा विचारविनिमय शक्य तेथे केला जावा, असे कलम आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अनेक शहरांच्या समित्या प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकावर समर्थन, विरोध किंवा दुरुस्तीची मागणी नोंदवितात. भारतीय नगरपरिषदेचा ठराव त्या मानाने दूरून घातलेली हाक आहे.

समिती आणि सभा

महानगरपालिकांमध्ये या कामासाठी जवळची जागा विधी समितीची असते. पुणे महानगरपालिकेत अशी समिती आहे. मुंबईत विधी, महसूल व सर्वसाधारण कामकाज यांची एकत्र समिती असते. नगरपरिषदांची स्थिती वेगळी आहे. ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ नुसार स्थापन होणाऱ्या विषय समित्यांत बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण हे विषय येतात. कायद्यांचा विचार करणारी समिती त्यांत नाही. त्यामुळे मुरगूडसारख्या ठिकाणी असा विषय आला तर तो सर्वसाधारण सभेपुढेच येतो. ठराव मुख्याधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकारी किंवा नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे आणि तेथून नगरविकास विभागाकडे जातो. त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ प्रमाणे परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे; मात्र निव्वळ मतप्रदर्शनाच्या ठरावात अंमलात आणण्याजोगे फारसे काही नसतेच.

नगराध्यक्षाची निवड : एक वादग्रस्त विषय

परिषदेच्या अंतर्गत रचनेवर सर्वांत खोल परिणाम करणारा आणि सर्वांत वारंवार फिरलेला कायदा नगराध्यक्षाच्या निवडीचा आहे. २००१ मध्ये थेट जनतेतून निवड झाली. पुढे नगरसेवकांतून निवडीची पद्धत परतली. २०१६ मध्ये थेट निवड पुन्हा आली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील निवडणुका तशाच झाल्या. महाविकास आघाडी सरकारच्या काळात ती रद्द झाली, तर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती पुनश्च लागू केली. यातील काही बदल अध्यादेशाने झाले. अध्यादेश निघताच अंमलात येत असल्याने त्यापूर्वी परिषदेने मत मांडण्यास अवधीच उरत नाही.

या बदलांत खरोखरच काही पणास लागलेले असते. थेट निवडलेल्या अध्यक्षामागे शहराचा कौल असतो, पण सभागृहात बहुमत विरोधी गटाकडे गेल्यास अर्थसंकल्पापासून पाणीयोजनेपर्यंत प्रत्येक विषय अडू शकतो. नगरसेवकांतून निवडल्यास बहुमत हाताशी राहते, परंतु दोन-तीन सदस्यांनी बाजू बदलली की खुर्ची डळमळते. लहान परिषदेत ही शक्यता अधिक. पुरोगामी मानल्या जाणाऱ्या या राज्यात दोन्ही पद्धतींचे समर्थन बहुधा तत्त्वावरून होते, निवड मात्र सत्तेच्या सोयीने होत आली आहे.

२०२२ चा बदल झाला तेव्हा परिस्थिती आणखी विलक्षण होती. २०१६ अखेरीस निवडलेल्या परिषदांची मुदत संपली होती आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका रखडल्या होत्या. ज्या सभागृहांविषयी कायदा होत होता त्यांचे अधिकार प्रशासकांच्या हाती होते. निवडणूक होण्यास डिसेंबर २०२५ उजाडला. तेव्हा राज्यातील २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला होता.

परिणामकारक मार्ग

विधेयकांपेक्षा दुय्यम कायद्यांत परिषदेचा शब्द अधिक उपयोगी पडतो. नियम किंवा उद्घोषणा पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर असल्यास ‘हरकती व सूचना’ मागवाव्याच लागतात आणि प्राप्त हरकतींचा विचार केल्याशिवाय अंतिम अधिसूचना काढता येत नाही. शहराच्या हद्दीत बदल करतानाही हीच पद्धत चालते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीही आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाली होती.

याखेरीज संविधानाच्या अनुच्छेद १७१ ने एक मार्ग दिला आहे, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. विधानपरिषदेच्या ७८ सदस्यांपैकी २२ जण स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांतून येतात व मुरगूडचे नगरसेवक कोल्हापूर मतदारसंघाचे मतदार असतात. म्हणजे ज्या सभागृहात विधेयकावर मतदान होते तेथील एका सदस्यास हेच लोक निवडून देतात. मात्र अशी निवडणूक घेण्यासाठी मतदारसंघातील किमान ७५ टक्के स्थानिक संस्था व तितकेच मतदार अस्तित्वात असावे लागतात. संस्थांवर प्रशासक असल्याने सोलापूर, पुणे अशा मतदारसंघांच्या जागा २०२२ पासून रिक्त राहिल्या.