कार्यालयातील संगणक आणि मालकाची नजर
लेखांक ६

कामाच्या वेळेत कर्मचारी इंटरनेटचा जो वैयक्तिक वापर करतो, तो मालकाला पाहता येतो का, या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत : पहिला क्षमतेचा आणि दुसरा अधिकाराचा. पहिल्याचे उत्तर तंत्रज्ञान देते आणि ते बहुतेक वेळा होकारार्थी असते. दुसऱ्याचे उत्तर कायद्याने द्यायचे असते आणि ते अटींवाचून देता येत नाही. पाहता येते म्हणून पाहण्याचा हक्कही आहे, हा समज कार्यालयांत इतका रुजलेला आहे की या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे हेच प्रस्तुत लेखांकाचे मुख्य प्रयोजन आहे.

कर्मचारी एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा त्याची मागणी कार्यालयाच्या जाळ्यातून, अनेकदा ‘प्रॉक्सी सर्व्हर’ नावाच्या मध्यस्थ संगणकातून, बाहेर जाते. कोणत्या यंत्रावरून, किती वाजता आणि कोणत्या संकेतस्थळाकडे मागणी गेली याची नोंद तेथे राहू शकते आणि या नोंदीलाच ‘लॉग’ म्हणतात. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेली, असल्यामुळे केवळ जाळ्यावर नजर ठेवणाऱ्याला संकेतस्थळाचे नाव सहसा कळते, परंतु तेथे काय वाचले वा लिहिले गेले ते कळत नाही. मात्र संगणक कंपनीचाच असेल तर ही भिंत टिकत नाही, कारण कंपनी त्यावर स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र बसवून तो मजकूर वाटेत उलगडू शकते, किंवा पडद्याची छायाचित्रे घेणारी आणि कळफलकावरील प्रत्येक कळ टिपणारी प्रणाली बसवून तो कूटबद्ध होण्यापूर्वीच मिळवू शकते. ब्राउझरमधील ‘इनकॉग्निटो’ सोयीमुळे त्या यंत्रावरील ब्राउझरच्या इतिहासात भेट नोंदली जात नाही, एवढेच. कार्यालयाच्या जाळ्यापासून तिने काहीही लपत नाही.

अधिकाराच्या प्रश्नाचा सर्वांत सखोल न्यायालयीन विचार युरोपात झाला आहे. १९५० च्या युरोपीय मानवाधिकार कराराचे आठवे कलम खासगी जीवनाचा आणि पत्रव्यवहाराचा आदर राखण्याचा हक्क देते, आणि माणूस इतरांशी आपले बरेचसे संबंध कामाच्या ठिकाणीच जोडत असल्यामुळे खासगी जीवनाची कल्पना कार्यालयाच्या दाराशी संपत नाही, अशी भूमिका स्ट्रासबर्ग येथील मानवाधिकार न्यायालयाने १९९२ मधील निमिट्झ खटल्यातच घेतली होती. पुढे २००७ मध्ये कोपलँड खटल्यात, वेल्समधील एका महाविद्यालयातील कर्मचारी महिलेचे दूरध्वनी, ई-मेल आणि इंटरनेट वापर यांवर तिच्या नकळत ठेवलेली पाळत त्याच न्यायालयाने कराराचा भंग ठरवली.

या विचाराला खरा आकार मिळाला तो ‘बर्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया’ या खटल्यात. बुखारेस्टमधील एका खासगी कंपनीच्या विक्री विभागातील अभियंत्याने ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देता यावीत म्हणून कंपनीच्याच सूचनेवरून याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. कंपनीच्या नियमांनुसार तिच्या साधनांचा वैयक्तिक वापर निषिद्ध होता. जुलै २००७ मध्ये सुमारे आठवडाभर त्याच्या संदेशांची नोंद करण्यात आली. आपण खाते फक्त कामासाठी वापरले असे त्याने लेखी कळवताच त्याच्यासमोर ४५ पानांचा उतारा ठेवण्यात आला, ज्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेला, काही अंशी अत्यंत नाजूक स्वरूपाचा संवाद शब्दशः होता. १ ऑगस्ट २००७ रोजी त्याला कामावरून काढण्यात आले. रोमानियातील न्यायालयांनी कंपनीची बाजू उचलून धरली आणि जानेवारी २०१६ मध्ये स्ट्रासबर्गच्या लहान पीठानेही कराराचा भंग झाला नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर प्रकरण १७ न्यायाधीशांच्या ‘ग्रँड चेंबर’ या मोठ्या पीठाकडे गेले आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल फिरला.

हा निकाल ज्या भेदावर उभा आहे तो बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. वैयक्तिक वापरास मनाई असल्याचे त्या कर्मचाऱ्याला ठाऊक होते आणि कंपनी कामावर देखरेख ठेवते अशा आशयाचे एक परिपत्रकही त्या सुमारास फिरवण्यात आले होते. तथापि देखरेखीचे स्वरूप काय, ती कितपत खोल आणि तीत संदेशांचा मजकूर वाचला जाणार का, हे त्याला आधी सांगितले गेले नव्हते. म्हणजे मनाई करणे, लक्ष ठेवले जाईल असे सांगणे आणि मजकूर वाचला जाईल असे सांगणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवरून तिसरी गृहीत धरता येत नाही. मालकाच्या आदेशांनी कामाच्या ठिकाणचे खासगी सामाजिक जीवन शून्यावर आणता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले आणि अशा प्रत्येक प्रकरणात तपासायचे सहा मुद्दे घालून दिले : पूर्वसूचना दिली होती का, पाळतीची व्याप्ती किती होती, तिला सबळ कारण होते का, कमी घुसखोरीचा मार्ग उपलब्ध होता का, कर्मचाऱ्यावर कोणते परिणाम झाले, आणि त्याला पुरेसे संरक्षण होते का. व्यापारी गुपिते जपणे किंवा घातक सॉफ्टवेअर रोखणे ही मालकाची हितसंबंधांची बाजू यात नाकारलेली नाही. परंतु संकेतस्थळांची नोंद पाहून भागत असेल तर संदेश वाचण्याचे समर्थन मालकाने वेगळे द्यावे लागते.

योगायोगाने याच निकालाच्या १२ दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असल्यामुळे खासगी कंपनीच्या संदर्भात तो हक्क प्रत्यक्षात उतरवण्यासाठी स्वतंत्र कायद्याची गरज होती आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडून तशी अपेक्षा होती. या कायद्याच्या सातव्या कलमानुसार मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी, किंवा हेरगिरी, गुपितफोड अशा हानीपासून मालकाचे रक्षण करण्यासाठी, कर्मचाऱ्याची विदा त्याच्या संमतीविना वापरता येते. याहून गंभीर बाब अशी की, पाचव्या कलमातील सूचना संमती मागण्याशी आणि अकराव्या कलमातील माहिती मिळवण्याचा हक्क दिलेल्या संमतीशी जोडलेला असल्यामुळे, जेथे संमतीच लागत नाही तेथे हे दोन्ही आधार लंगडे पडतात. स्ट्रासबर्गचा निकाल ज्या पूर्वसूचनेभोवती फिरला, नेमकी तीच येथे कायद्याने बंधनकारक केलेली नाही. विदा सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य मालकावर राहते. परंतु विदा गोळा होत आहे हे कर्मचाऱ्याला सांगण्याचे कर्तव्य त्यातून निघत नाही.

त्यामुळे हिंजवडीतील संगणक कंपनी असो वा जिल्ह्याच्या ठिकाणची पतसंस्था, नेमणूकपत्रासोबत सही करून घेतल्या जाणाऱ्या संगणक-वापर धोरणाला असाधारण महत्त्व येते, कारण काय पाहिले जाईल, कोण पाहील, नोंद किती दिवस ठेवली जाईल आणि शिस्तभंगाच्या कारवाईत ती कशी वापरली जाईल, हे लिहिण्याची जागा सध्या तेवढीच उरते. ते सहा प्रश्न भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण धोरण लिहिणाऱ्या मालकाने ते स्वतःला विचारावेत आणि सही करणाऱ्या कर्मचाऱ्याने, शक्य तेथे संघटनेमार्फत, त्यांची उत्तरे मागावीत, यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. संगणक मालकाचा असतो, हे निर्विवाद आहे. त्यावरून भावाला लिहिलेले शब्द मात्र लिहिणाऱ्याचेच राहतात, आणि ते वाचायचे असतील तर आधी तसे सांगण्याचे दायित्व वाचणाऱ्यावर असले पाहिजे.

हाच संगणक कर्मचाऱ्याच्या घरी गेला आणि त्याचा कॅमेरा कुटुंबाच्या खोलीकडे वळला, तर हे दायित्व कसे बदलते, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.