जुना जेसीबी घ्यावा की भाड्याने आणावा?

श्रीगोंदा तालुक्यात कुकडी आणि घोडच्या कालव्यांखाली ऊस, लिंबू, द्राक्ष, डाळिंब यांची लागवड आहे. माळरानाच्या बाजूला हलकी, मुरमाड जमीन आहे. त्यामुळे बांधबंदिस्ती, शेततळे, पाईपलाईनचे चर, फळझाडांचे खड्डे आणि सपाटीकरण ही कामे सतत निघतात. ही कामे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत एकाच वेळी सर्वांना करावयाची असतात. उसाची तोड झालेली असते आणि पाऊस पडण्याआधी काम उरकावयाचे असते. नेमक्या याच काळात भाड्याचा जेसीबी वेळेवर मिळत नाही, आणि मग आपणच एखादा जुना घ्यावा असा विचार मनात येतो. विचार चुकीचा नाही, परंतु त्याआधी वही-पेन्सिल घेऊन बसावे.

पुढे भरणारी बादली व मागे खोदणारा हात असलेले हे यंत्र १९७९ पासून हरियाणातील बल्लभगड येथे बनू लागले. पुढे कंपनीचे नाव हेच यंत्राचे नाव होऊन बसले. आज इतर कंपन्यांची यंत्रेही आपण जेसीबी म्हणूनच ओळखतो.

प्रथम काम किती आहे ते पाहावे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर व बाजूंचा उतार १:१ असे शेततळे घेतल्यास सुमारे २,१९६ घनमीटर माती काढावी लागते. मऊ जमिनीत मागच्या हाताने तासाला २५ ते ३० घनमीटर माती निघते असे धरले, तर हे काम ७५ ते ९० तासांचे होते. मुरूम घट्ट असल्यास वेळ बराच वाढतो. शिवाय या यंत्राचा हात पूर्ण गोल फिरत नाही, म्हणून माती दूर टाकण्यासाठी यंत्र वारंवार हलवावे लागते. मोठ्या तळ्याला पोकलेनच परवडतो. जेसीबीची खरी उपयुक्तता चर, खड्डे, बांध, ट्रॉली भरणे आणि दगड हलविणे या किरकोळ पण वारंवारच्या कामांत आहे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तेथे आपल्या भागातील दर घालावेत. यंत्र ८ लाखांना घेतले व पाच वर्षांनी ४ लाखांना विकले, तर वर्षाची घट ८० हजार. सरासरी ६ लाख गुंतवणुकीवर १२ टक्क्यांनी व्याज ७२ हजार. विमा, कर वगैरे ३० हजार. ऑपरेटरचा पगार दरमहा १५ हजारांप्रमाणे १ लाख ८० हजार. म्हणजे यंत्र दारात उभे असले तरी वर्षाला ३ लाख ६२ हजार खर्च होणारच. तासाला ५ लिटर डिझेलचे ४५० रुपये आणि तेल, ग्रीस, दुरुस्तीचे १५० धरल्यास चालविण्याचा खर्च ६०० रुपये. बाहेरचे भाडे तासाला १,२०० असेल, तर प्रत्येक तासामागे ६०० रुपये वाचतात. या हिशेबाने वर्षाला सुमारे ६०० तास काम मिळाल्याशिवाय यंत्र अंगावर येते. दहा एकरांच्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी शंभर-दीडशे तास काम निघेल, दुसऱ्या वर्षी तेवढेही नाही, कारण खड्डे आणि तळे एकदाच होतात. उरलेले तास शेजाऱ्यांकडून भाड्याने भरून काढता येतील काय, हा खरा प्रश्न आहे. चार-पाच जणांनी मिळून घेतल्यास तो सुटू शकतो, मात्र पाळी कोणाची आणि दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यावयाचा हे आधीच लिहून घ्यावे.

हिशेब जमला तर यंत्र पाहावयास सकाळी लवकर जावे आणि ते थंड असतानाच चालू करावयास सांगावे. आपण जाण्यापूर्वीच ते गरम करून ठेवलेले असेल, तर संशय घ्यावा. धूर निळा येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे असे समजावे. तेलाचे झाकण काढल्यावर धुराचे झोत येत असतील, तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. तासांच्या मीटरवर विसंबू नये, तो बदलता येतो. पेडलचे रबर, लिव्हरच्या मुठी आणि बादलीचा तळ मात्र खरे वय सांगतात.

सर्वात महाग दुखणे हायड्रॉलिकचे. पंपाची कमजोरी तेल गरम झाल्यावरच उघड होते. म्हणून डिझेल आपण भरून, आपल्याच मुरमात यंत्र दोन तास चालवून पाहावे. त्यानंतर मागचे जॅक टेकवून चाके उचलावीत, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे. यंत्र खाली बसत असेल तर सिलिंडरची सिले किंवा व्हॉल्व्ह गळतात. सिलिंडरच्या दांड्यांवर ओरखडे नसावेत. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी गेले आहे. बादली जमिनीपासून वीतभर उचलून हाताने हलवावी, म्हणजे पिना-बुशांतील ढिलेपणा कळतो. मागचा हात ज्या सांध्यावर फिरतो, तेथील चौकटीवर नवी वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर खरवडून पाहावे. पिना-बुश बदलता येतात, तडकलेली चौकट मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही. असे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. उसाच्या रानात चाललेल्या यंत्राच्या रेडिएटरमध्ये पाचट अडकलेले असते, तेही पाहावे.

एप्रिल २०२१ पासून बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढले. त्याआधीची साध्या पंपाची इंजिने गावच्या मेकॅनिकला उमजतात. आडगावच्या शेतकऱ्यास ही गोष्ट माझ्या मते चार-दोन वर्षांच्या वयापेक्षा महत्त्वाची आहे.

कागदपत्रांत आर. सी. पुस्तक, चासी व इंजिन क्रमांक, विमा आणि बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला पाहून मगच २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरावेत. आपला तालुका भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा. वाळू किंवा मुरूम बेकायदा काढताना सापडलेले यंत्र महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये जप्त होते व दंड बसतो. यंत्रावर असा दंड थकीत नाही ना, याची तहसील कार्यालयात चौकशी करावी. आपण स्वतः मुरूम बाहेर नेणार असाल, तर परवानगी व स्वामित्वधन यांची माहितीही तेथेच घ्यावी.

यंत्र स्वतःचे असो वा भाड्याचे, सपाटीकरण करताना वरची सुपीक माती आधी एका बाजूला काढून ठेवावी व शेवटी पसरावी. खालचा मुरूम वर आला तर त्या तुकड्यात कित्येक हंगाम पीक येत नाही. साडेसात-आठ टनांचे हे धूड ओल्या काळ्या रानात कधीही घालू नये. जमीन खोलवर दाबली जाते व पाण्याचा निचरा थांबतो. अशा वेळी वाफसा येईपर्यंत आठ दिवस थांबावे आणि त्या दिवसांत यंत्राचे ग्रीसिंग, पिना व फिल्टर तपासून घ्यावेत.