उंदराला जे बाधले नाही

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत झोपेचे एक औषध विक्रीस आले. थॅलिडोमाइड त्याचे नाव. उंदरांना कितीही पाजा, ते मरत नाहीत; तेव्हा औषध निर्धोक! गरोदर स्त्रियांच्या मळमळीवरही ते देऊ लागले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले, पण या औषधापायी दहा हजारांवर मुले जन्मतः अपंग झाली. कित्येकांचे पंजे थेट खांद्यांनाच फुटलेले होते.

पुढे गाभण उंदरिणींनाही ते देऊन पाहिले. पिले धडधाकट! असे का, हे मी शिकवायला लागलो तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

प्रथिन म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीतले लांबलचक वाक्य, असे मी वर्गात सांगतो. अक्षरे म्हणजे अमिनो आम्ले. प्रथिनाने करायचे काम या वाक्यात लिहिलेले असतेच. पण पेशीत किती काळ राहायचे, तेही तिथेच असते. १९८६ मध्ये अलेक्झांडर वार्शाव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधल्या एका प्रथिनाचे नुसते पहिले अक्षर बदलले. तिथे मेथिओनीन असता निम्मे प्रथिन वीस तासांनंतरही शिल्लक. आर्जिनीन बसवताच दोन-तीन मिनिटांत निम्मे गारद!

ही मोडतोड करणारे खातेच पेशीत असते. सेरेब्लॉन नावाचे प्रथिन हा त्यातला एक मुकादम. कोणाला मोडीत काढायचे ते तो हेरतो. मग त्यावर युबिक्विटिनचा शिक्का बसतो. थॅलिडोमाइड या मुकादमालाच चिकटते, हे टोकियोच्या ताकुमी इतो व हिरोशी हांडा यांनी २०१० मध्ये दाखवले. औषध चिकटले की त्याची नजर फिरते, नको त्यांना तो धरतो. त्यांतले एक सॅल-४, गर्भाचे हात घडवायला लागणारे. ते २०१८ मध्ये सापडले. गर्भात सॅल-४ तयार होतच होते. टिकत मात्र नव्हते.

आणि उंदीर? माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये ३८८ व्या जागी व्हॅलीन आहे, उंदराच्यात त्या ठिकाणी आयसोल्युसीन. फरक एका कार्बनचा! शिवाय उंदराच्या सॅल-४ चीही अक्षरे थोडी निराळी. त्यामुळे तिथला मुकादम त्याला ओळखतच नाही.

याच औषधाचे भावंड लेनालिडोमाइड आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर देतात. रोगी पेशींना लागणारे इकारोस हे प्रथिन ते त्याच मुकादमाकरवी मोडीत काढते. मूल होऊ शकेल अशा वयाची स्त्री असेल, तर गोळी हाती देण्यापूर्वी ती गरोदर नाही ना, हे तपासून घेतात.