एनिमा कुठवर पोहोचतो?

मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं. पनवेलहून सीएसएमटीला पोहोचायला सुमारे 80 मिनिटं लागतात. नवीन पनवेलमधून पहाटेची हार्बर लोकल गाठणारा माणूस उठतो, उभ्या उभ्या चहा घेतो आणि स्टेशनकडे धावतो. त्याचं मोठं आतडं नेमकं तेव्हाच कामाला लागलेलं असतं. सकाळी उठल्यावर आतड्याच्या हालचाली वाढतात, पोटात चहा-नाश्ता गेला की त्या आणखी जोर धरतात आणि मळ गुदाशयात उतरतो. गुदाशय ताणला गेला की कळ येते. गाडीत ती दाबावीच लागते. गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू आवळून धरला की थोड्या वेळात कळ विरते, मळ मात्र आतच राहतो. मोठं आतडं रोज आत येणाऱ्या सुमारे दीड लिटर द्रवातलं बहुतेक पाणी शोषून घेतं. मळ जितका जास्त वेळ थांबेल तितका तो कोरडा होत जातो. महिनोन्महिने असं चाललं तर गुदाशय ताणाला सरावतो आणि कळ येणंच कमी होतं.

चरकसंहितेत अडवू नयेत असे 13 वेग सांगितले आहेत, त्यात मळाचा वेग आहे. श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना पनवेलमध्ये 1872 साली सुरू झाला, त्यामुळे काढे आणि चूर्णं इथल्या जुन्या घरांना नवी नाहीत. बस्ती, म्हणजे गुदद्वारातून औषध देण्याचा उपचार, हीही आयुर्वेदातलीच: काढ्याची निरूह आणि तेलाची अनुवासन. पण ती वाताच्या अनेक विकारांवर वैद्याने आखून द्यायची चिकित्सा आहे. औषधाच्या दुकानातली एनिम्याची शंभर-सव्वाशे मिलीची प्लास्टिकची बाटली वेगळ्या कामाची आहे. गुदाशयात खडा होऊन अडकलेला मळ आत्ता बाहेर काढणं, एवढंच तिचं काम.

या बाटलीत बहुधा सोडियम फॉस्फेटचं दाट द्रावण असतं. ते आत गेलं की भोवतालच्या पेशींमधलं पाणी आतड्याच्या पोकळीत ओढून घेतं. मळ मऊ होतो, गुदाशय फुगतो आणि विरलेली कळ पुन्हा उठते. परिणाम बहुतेकदा पाच मिनिटांत दिसतो. ग्लिसरीनची गुदवर्ती (सपॉझिटरी) थोडी सावकाश, पण सौम्यपणे काम करते, आणि किरकोळ त्रासात आधी तीच वापरून पाहावी असं मला वाटतं.

एनिमा घेताना डाव्या कुशीवर झोपायचं आणि उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. गुदाशयाच्या वरचा आतड्याचा भाग डावीकडे असतो, त्यामुळे द्रव उतारानेच आत जातो. बाटली अंगाइतकी कोमट असावी. नळीच्या टोकाला व्हॅसलिन किंवा जेली लावायची, मोठा श्वास सोडायचा आणि नळी बेंबीच्या दिशेने हळूच सरकवायची. अडलं तर जोर लावायचा नाही. गुदाशयाची भिंत पातळ असते, वृद्धांमध्ये तर ती फाटण्याचा धोका खरा असतो. बाटली सावकाश दाबायची, दाबलेली ठेवूनच नळी बाहेर काढायची आणि जोराची कळ येईपर्यंत पडून राहायचं.

आणि काहीच झालं नाही तर? घरोघरी इथेच चूक होते. लोक दुसरी बाटली आणतात. आत राहिलेलं फॉस्फेट रक्तात शोषलं जातं. निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर रक्तातलं फॉस्फेट वाढतं, ते कॅल्शियमला बांधून घेतं आणि कॅल्शियम घसरतं. मग झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. 24 तासांत एकापेक्षा जास्त मात्रा घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये दिला. दोन वर्षांखालच्या मुलांना हा एनिमा द्यायचाच नाही. पंचावन्नच्या पुढच्या माणसांनी, आणि रक्तदाबावरची टेल्मिसार्टन, रामिप्रिल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. ही औषधं आपल्याकडे कितीतरी आजी-आजोबांच्या डब्यात असतात. अर्ध्या तासात द्रव बाहेर आला नाही तर डॉक्टरांना फोन करावा.

घरगुती पर्यायही निर्धोक नाहीत. साबणाचं पाणी आतड्याचं अस्तर जाळतं. भरपूर साधं पाणी भरलं तर ते रक्तात जाऊन सोडियम उतरवू शकतं. कॉफीच्या एनिम्याने भाजल्याच्या आणि क्षार बिघडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तरी आतडं धुण्याची ओढ जुनी आहे. गांधीजींच्या निसर्गोपचारात एनिम्याला मोठं स्थान होतं, आणि 1946 मध्ये त्यांच्या प्रेरणेने उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. साचलेल्या मळाचं विष रक्तात भिनतं आणि त्यातून सगळे रोग होतात, ही कल्पना त्या काळी युरोपातल्या नामांकित शल्यविशारदांनाही पटली होती. पुढे ती टिकली नाही. निरोगी आतड्याला रोज धुण्याची गरज नसते. शौचाला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा जाणं, यांमधलं काहीही सामान्य असू शकतं.

एनिमा गुदाशय आणि फार तर त्याच्या वरचा थोडा भाग रिकामा करतो. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं. तिथली मंद चाल, कमी पाणी, कोंडा नसलेलं अन्न आणि गाडीच्या वेळेपायी दाबलेली कळ यांपैकी कशालाही तो हात लावत नाही. ज्यांना पहाटेची गाडी टाळता येत नाही, त्यांनी अर्धा तास आधी उठून कोमट पाणी किंवा चहा घ्यावा आणि दहा मिनिटं निवांत बसावं. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्यावा. गुडघे वर आले की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो, मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावा, नाहीतर तोच आत घट्ट होऊन बसतो. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्यावर त्रास वाढला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी एनिमा घरी देऊ नये, थेट रुग्णालय गाठावं. मळात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांचीही तपासणी हवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अनेक दिवस शौचाला झालं नाही आणि एकाएकी पातळ जुलाब सुरू झाले, तर घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. पुष्कळदा आत खडा तसाच असतो आणि त्याच्या कडेने फक्त पाणी झिरपत असतं. बोटाने तपासल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून त्या गोळीआधी डॉक्टरांना घरी बोलवावं.