टक्कर झाली, तरी केंद्र आपल्याच वाटेने

२६ सप्टेंबर २०२२. नासाचं सुमारे ५८० किलोचं 'डार्ट' यान सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळलं. यान आणि लघुग्रह मिळून एक प्रणाली मानू. टकरीतली बलं आपसातली, समान आणि विरुद्ध. त्यामुळे त्या क्षणी दोघांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राचा वेग जराही बदलला नाही.

यान नुसतं रुतून बसलं असतं, तर लघुग्रहाला फक्त यानाचा संवेग मिळाला असता. पण दगडमाती यान आलं त्याच दिशेला उलट उडाली. केंद्राचा वेग तोच राहायचा, तर उरलेल्या लघुग्रहाला तितकंच जास्त पुढे सरकावं लागतं. धक्का सुमारे साडेतीन पट झाला! डिडिमॉसभोवतीची त्याची जवळपास १२ तासांची फेरी सुमारे ३३ मिनिटांनी घटली.

उद्या एखादा लघुग्रह खरंच पृथ्वीकडे निघाला, तर हाच हिशोब कामी येईल.