हुबळीहून अमेरिकेला, आधी उत्तरेकडे

सॅन फ्रान्सिस्को कुठल्या दिशेला आहे, असं हुबळीत गोकुळ रोडच्या विमानतळाबाहेर कुणालाही विचारा. बहुतेक हात पश्चिमेकडे जातील, गोवा आणि अरबी समुद्राच्या बाजूला. सगळ्यांत जवळची वाट मात्र उत्तरेला निघते, जराशी पूर्वेकडे झुकून!

भिंतीवरचा नकाशा सोडा, पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक हुबळीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणा. तो सरकत सरकत वर चढतो. उत्तराखंड, तिबेट, शिनजियांग, सैबेरिया, मग थेट 74 अंश उत्तरेला आर्क्टिक महासागर आणि अलास्कावरून उतरत कॅलिफोर्निया. धारवाडच्या काळ्या रानातून निघालेली वाट गोठलेल्या समुद्रावरून जाते, याचं मला अजून नवल वाटतं. ती भरते सुमारे 13,850 किलोमीटर. मर्केटरच्या सपाट नकाशावर पूर्वेकडून पट्टीनं रेघ ओढली, तर तेच अंतर 16,200 च्या घरात जातं. कारण साधं आहे. वर जावं तशी अक्षवृत्तं आखूड होतात. 60 अंशांवरचं अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्मंच असतं. तिथून जगाला वळसा घालणं स्वस्त पडतं.

पण विमान दोऱ्याबरहुकूम उडत नाही. विमानातला हवेचा दाब अचानक घटला, तर वैमानिकाला झटपट 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच! म्हणून शक्यतो ते पठार टाळतात. शिवाय वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी असले तर तास वाचतो, तोंडावर आले तर तास जातो. अंतर ठरलेलं, वेळ मात्र रोज नवी.

हुबळीहून इतक्या लांबचं थेट विमान नाही. इंधनानं भरलेल्या अवजड विमानाला फार लांब धावपट्टी लागते. अशा थेट उड्डाणाचा जवळचा दाखला बंगळुरूचा. 9 जानेवारी 2021 च्या रात्री कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिक, सगळ्या महिला, एअर इंडियाचं बोइंग 777 घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या. उत्तर ध्रुवावरून, सुमारे 17 तास न थांबता, त्यांनी ते बंगळुरूला आणलं. दोन्ही शहरांतलं सरळ अंतर जवळपास 14,000 किलोमीटर.

घड्याळाचा हिशेब तर आणखी विलक्षण. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे असतं. बंगळुरूहून दुपारी अडीचला निघून 16 तास उडालात, तरी तिथे त्याच दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. उलट, झोया अग्रवाल यांच्या विमानातले प्रवासी शनिवारी रात्री बसले ते सोमवारी पहाटे उतरले. त्यांतल्या कुणाला हुबळी गाठायची असेल, तर अजून 370 किलोमीटर बाकी होते.