लाल ठिपक्याची कालवड

शेजाऱ्यांची कालवड अडीच वर्षांची झाली तरी माजावर येईना, म्हणून त्यांनी ती विकली. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली होती, हे कळल्यावर पशुवैद्यक हळहळले, "मग ती वांझ आहे हे जन्मल्याबरोबरच कळलं असतं." कसं, ते बघायला मी पुणे जिल्ह्यातल्या एका गुणसूत्र-प्रयोगशाळेत गेले.

आत ॲसिटिक ॲसिडचा वास नाकात झोंबतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस 37 अंशांवर वाढवून, फुगवून पक्क्या केलेल्या असतात. तंत्रज्ञ ताई हात उंच धरून गार, ओल्या काचपट्टीवर एक थेंब सोडतात. पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात. नीट पसरली नाहीत तर एकमेकांवर चढून बसतात आणि मोजता येत नाहीत. "60 भरलेच पाहिजेत. 59 आले की मी दुसरी पेशी शोधते," ताई म्हणाल्या.

गायीच्या या 60 गुणसूत्रांत एक्स मोठं, दोन भुजांचं, लगेच सापडतं. जर्सी वळूचं वाय इवलंसं, पण तेही दोन भुजांचं. देशी वळूचं वाय मात्र एकाच भुजेचं, त्यामुळे इतर लहान गुणसूत्रांत हरवून जातं. तिथे वायवरच्या एसआरवाय जनुकाला नेमका चिकटणारा, चमकणारा डीएनएचा तुकडा कामी येतो. गर्भाला नराच्या वाटेवर नेणारं हे जनुक लंडनच्या संशोधकांनी 1990 साली शोधलं.

अंधाऱ्या खोलीत ताईंनी मला सूक्ष्मदर्शकातून एका जुळ्या कालवडीचा नमुना दाखवला. निळ्या गुणसूत्रांत एकावर लाल ठिपका. शेजारच्या पेशीतही 60च, पण दोन एक्स आणि ठिपका नाही. एकाच जनावराच्या रक्तात भाऊ-बहीण दोघांच्या पेशी! गर्भाशयात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. भावाच्या रक्तपेशी बहिणीत येऊन कायमच्या राहतात आणि त्याच्या संप्रेरकांमुळे तिची बीजांडं खुरटतात. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या शंभरांतल्या नव्वदहून अधिक कालवडींचं हेच होतं.

वीर्यकेंद्रात येणाऱ्या वळूंची गुणसूत्रं नियमानं तपासली जातात. जुळ्या कालवडीच्या रक्ताचा नमुना मात्र सहसा कुणी पाठवत नाही, आणि शेतकरी दोन-अडीच वर्षं चारा-पेंड घालत राहतो. ही माहिती प्रत्येक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर हवी. पहिला अंदाज तर गोठ्यातच येतो: पशुवैद्यक गुळगुळीत, तेल लावलेली नळी हलकेच आत सरकवून योनिमार्गाची लांबी बघतात. अशा कालवडीत तो नेहमीपेक्षा बराच आखूड भरतो. मग रक्त पाठवायचं.